वाटीखालचा फडका

डॉक्टर खातूंनी चिठ्ठीवर लिहिलं :
तेल बंद. नारळ बंद. मासळी महिनाभर नको.
सकाळी ओट्स.
नारळ बंद तर दाभोळात राहायचं कशाला,
मी विचारलं, आणि हे ओट्स म्हणजे काय?
घोड्याचा दाणा, हे म्हणाले,
मी शिजवतो.

एकतीस वर्षं जहाजावर भंडारी होते.
एकतीस वर्षांत माझ्या चुलीजवळ आले
ते विडी पेटवण्यापुरते.
रजेवर आले की पाटावर बसायचे,
मी वाढायची, तिसऱ्यांचं कालवण, घावणे,
मीठ कमी पडलं तरी ब्र नाही.
मला वाटायचं, ह्यांना चवच कळत नसणार.

आज धोपाव्याची पहिली फेरी लागायच्या आत उठले.
माझा पेजेचा टोप घेतला, न विचारता.
आधी कोरडंच भाजलं मंद आचेवर,
भाजक्या पोह्यांच्या जवळपासचा वास आला,
जवळपासचा, तोच नव्हे.
मग आधणात मीठ. मग दाणा, मुठीतून,
पाऊस भुरभुरावा तसा.
मग पळी, एकाच दिशेने,
थांबायचं म्हणून नाही.

कप्तान गोरा होता, सांगू लागले टोपाकडे बघत,
गुठळी चालायची नाही त्याला.
एकदा एक निघाली,
वाटीसकट दर्यात भिरकावलीन.
चिनीमातीची वाटी, निळ्या काठाची.
आणि तुम्ही? तुम्ही खाल्लंत का कधी?
छे गो. मी खाली उभ्याउभ्या पेज प्यायचो.
तांदूळ घरचा असायचा, तूच बांधून द्यायचीस.

मी उंबऱ्याला टेकून बसले होते,
टाक्यांवर हात धरून,
आणि बघत होते ह्यांचे पाय.
दोन्ही फाकवलेले, गुडघे जरा सैल,
सारवलेली जमीन आत्ता कलंडेल
अशा बेताने उभे.

गूळ किसला. वेलची केळं,
परकारांच्या सईदाने दिलेल्या फणीतलं,
सुरीऐवजी दोऱ्याने कापलं.
दूध शेवटी, आच बंद केल्यावर.
वाटी भरली ती दोन बोटं उणी,
फडका भिजवून पिळला,
चौघडी घालून माझ्यासमोर मांडला,
त्यावर वाटी.

फडका कशाला?
घसरू नये म्हणून.
कुठे घसरणार?

ह्यांनी खाली बघितलं, जमिनीकडे,
मग फडक्याकडे,
मग उगाच खिडकीबाहेर.
खाडी ताटासारखी सपाट होती,
एक होडकं नुसतं उभं.

पत्रं यायची तेव्हा. निळी, पातळ.
सर्व खुशाल आहे. हवा जरा खराब.
जरा म्हणजे किती, ते मी
इतक्या वर्षांत विचारलं नाही.
आणि आता माझ्या स्वयंपाकघरात
एका ओल्या फडक्याने सांगितलं
बिस्केचा उपसागर म्हणजे काय ते,
आणि वाटी का भरायची नाही काठोकाठ.

पहिला घास गरम होता, जीभ पोळली.
दुसऱ्याला गूळ लागला, खाली मीठ,
गुळामागे दडून बसलेलं, नेमकं.
नाचणीच्या आंबिलीची कुणी लांबची बहीण असावी,
आगबोटीने सासरी गेलेली,
बोलणं बदललेलं, नाक तेच.

कसं झालंय, म्हणून विचारलं नाही ह्यांनी.
पळी टोपाच्या काठावर दोनदा आपटली,
पुढच्या माणसाला हाक मारावी तशी,
आणि उभे राहिले.

मीही ब्र काढला नाही.
उरलेली केळ्याची चकती बोटाने पुसून घेतली
आणि वाटी पुढे केली.
भरा म्हटलं, वरपर्यंत.

भरली. सांडली थोडी काठावरून.
फडका होताच खाली.