ळचा खण

दौलतगंजातल्या त्या घराच्या जिन्याला दोर बांधलेला आहे,
तो धरून चढायचं.
मी शाळेतून थेट आले होते, बोटांना खडू,
पिशवीत बत्तीस अर्ज
आणि सरकारी मोबाइल, ज्याला माझ्याआधीच ठाऊक असतं
कोण या घरात नाही.

पद्माकर दत्तात्रय मुळे, वय एक्याऐंशी.
दार त्यांनीच उघडलं.
मोबाइल म्हणाला, संशयास्पद.
मी म्हटलं, नमस्कार काका.

भानगड एवढीच, की जुन्या यादीत,
जी लश्करातल्या कुणा मराठी कारकुनाने टाकाने लिहिली,
वडील आहेत मुळे.
नव्या यादीत मुलगा मुले.
इथल्या हिंदीचं ळवाचून अडत नाही,
संगणकात तो शोधत कुणी बसलं नाही,
आणि आता यंत्राने दोन्ही नावं शेजारी ठेवून ठरवलंय
की या बापलेकांचं नातं एकतीस टक्के.

"एकतीस," काका म्हणाले. "बाबा असते तर विचारलं असतं,
तेवढं तरी कसं निघालं."
मग हसले, मग खोकले,
मग मलाच पाणी विचारलं.

चाळीस वर्षं कंपोझिटर. नई सडकेच्या छापखान्यात
हिंदीची केस, आणि कडेला एक जास्तीचा खण,
एरवी धूळ खाणारा,
लग्नसराईत मात्र पुरायचा नाही :
गोळे, पिंगळे, मंगळवार, सकाळी,
वेळेवर यायचं करावे.
"मालक म्हणायचे, ल लगा दो, कौन देखता है.
मी म्हणायचो, ज्याचं नाव आहे तो."

मी अर्ज उघडला. कारण निवडा :
मयत. स्थलांतरित. दुबार.
चौथी ओळ नव्हती. बोटाने ढकलत राहिले,
पडदा रबरासारखा परत वर यायचा.

सुनावणीला मीच नेलं, टेम्पोने.
साहेब भला माणूस, खुर्ची दिली.
म्हणाला, हमारे हाथ में नहीं बाबूजी, ऊपर से आया है.
ऊपर मतलब? काकांनी विचारलं
आणि खरंच मान वर केली.
आम्ही सगळ्यांनी केली.
पंखा होता.

कारण तरी दाखवा, मी म्हटलं.
कारण नाही आता मॅडम, नंबर आता है.
तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही कुणी
याहून जास्त सांगितलं नव्हतं.

तेव्हा काकांनी रुमालाची गाठ सोडली
आणि टेबलावर ठेवला एक खिळा, शिशाचा.
"बाकी सगळी अक्षरं खिळ्यावर उलटी असतात,
हा एकटा जवळजवळ तसाच दिसतो.
ओळखायला चूक व्हायची नाही तुमच्या मशीनची."

बाबू गोंधळला. टाचणी लागेना, स्टेपल बसेना.
शेवटी पोचपावतीवर लिहिलं,
संलग्न : धातु का टुकड़ा, एक नग.

निकाल अजून विचाराधीन आहे.

मी रोज हजेरी घेते, चौथी ब, एक्केचाळीस मुलं.
नाव उच्चारायचं, मग थांबायचं.
कुणी खिडकीतून बघत असतं, कुणाला शेजारचा ढोसतो,
कुणाचा आवाज दुसऱ्या हाकेला फुटतो.
तोवर पेन वरच धरायचं.