शिल्लक

सिनेमा ऐन रंगात आला की
पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण उगवतो:
मेमरी कमी आहे. प्रोग्राम बंद करा.
शालन म्हणते, तुम्हालाच म्हणतोय तो.

जेलरोडच्या या तीन खोल्यांत
टीव्हीखाली, व्हीसीआर असायचा त्याच फळीवर,
जवळपास त्याच मापाचा काळा डबा.
निवृत्तीनंतरची माझी एकुलती एक चैन.
सोळा जीबी. मोजून घेतलेत.
मोजण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता खात्यात,
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
थप्पीत एक कमी असली
तर डोळ्यांआधी अंगठा थांबायचा.

टास्क मॅनेजर उघडला.
सोळातले सात वापरात, नऊ रिकामे.
नऊ खिशात असताना जो कमी आहे म्हणतो
तो खोटं बोलतो,
नाहीतर आपण उसने मागू म्हणून घाबरलेला असतो.

ब्राउझर काढला. अँटिव्हायरस काढला.
सिनेमांची पोस्टरं आपोआप शोधणारं
ते नको तेवढं हुशार सॉफ्टवेअर काढलं.
मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसल्या,
रात्रभर तपासणी लावून ठेवली,
पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा निकाल होता: दोष नाही.
कॅनडा कॉर्नरचा पोरगा डबा न उघडताच म्हणाला,
काका, आणखी सोळा टाका.
शेजारचे खैरनार म्हणाले, पूर्वी अँटेना फिरवला की भागायचं.
शालन म्हणाली, पंखा पुसा.

पंखाही पुसला.
तिसऱ्या दिवशी, नायिका पत्र फाडत असताना, पुन्हा त्रिकोण.

शेवटी एका रात्री
खालचा तो आकडा पाहिला, जो मी रोज ओलांडून जायचो.
वापरलेली नव्हे,
कबूल केलेली मेमरी.
पंधरा पूर्णांक सहा. मर्यादा पंधरा पूर्णांक नऊ.

म्हणजे खोल्या रिकाम्याच होत्या,
चाव्या मात्र वाटून झालेल्या.
जो तो प्रोग्राम येतानाच हात पसरतो,
लागेल न लागेल, शब्द देऊन ठेवा.
आणि यंत्र शब्दाला जागणारं, बिचारं.
दिलेल्या शब्दामागं काहीतरी असावं लागतं,
म्हणून डिस्कवर एक फाइल राखून ठेवायची असते.
ती मीच बंद केली होती दिवाळीत,
भाचा हर्षद म्हणाला म्हणून:
मामा, उगाच एसएसडी झिजते.

मी बंद केली. मी!
धारकास देण्याचं वचन
रोज पाळीला लाखोंनी छापून
डबा घेऊन घरी येणारा माणूस.
तिजोरी कुणी उघडून बघत नाही,
पण ती नसेल
तर नोट म्हणजे चांगल्या कागदावरची चांगली शाई.

एक टिचकी मारली. यंत्र बंद करून चालू केलं.
महिना झाला, त्रिकोण नाही.
ती फाइल तशीच पडून आहे,
तिच्यात फारसं काही जात नाही.

काल सिनेमा थांबवून विचारलं,
सटाण्याच्या सुमनताईंचं डोळ्याचं ऑपरेशन कुठे ठरलं?
शालन शेंगा सोलत म्हणाली,
कुणास ठाऊक. मी तर कळवून टाकलं, जागा नाही आमच्याकडे.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.
पलंगावर चादर ताठ, इस्त्री केल्यासारखी,
टेबलावर निनादची कंपासपेटी.
तो दोन वर्षांतून एकदा येतो, नऊ दिवस.

ती खोली, मी म्हणालो.
ती निनादची आहे, ती म्हणाली,
आणि हातातली शेंग तशीच राहिली.

पडद्यावर नायक दारात थिजून उभा,
एक पाय आत, एक बाहेर.

फोन लावतेस का ताईंना?

टरफलं झटकत ती म्हणाली,
हा सिनेमा संपू दे.