मुदत

एर्सीलियाबाईंच्या टेबलावर
अजून चौदा मार्चच आहे.
बाहेर पुन्ता आरेनासला जुलै,
सामुद्रधुनीवरचा वारा खिडकीशी हुज्जत घालतोय.

तीस दिवस फुकट म्हणणाऱ्या प्रोग्रॅमला
एकोणतिसाव्या रात्री बाईंनी चकवलं:
संगणकाचं घड्याळ मागे घेतलं, बस्स.
तेव्हापासून रोज रात्री एक दिवस मागे सारतात,
शेगडीत लाकूड सारावं तसं.

हौस दांडगी.
शंभर फायलींची नावं एका दमात बदलणारं,
पुसलेलं उकरून काढणारं,
एक तर नुसतं माउस किती चालला ते मोजणारं.
(चार मैल. बाई स्वतः पावाच्या दुकानापर्यंत.)
जागा कोण खातंय ते दाखवणारं बसवलं तेव्हा
पडद्यावर रंगीत चौकोन उमटले,
सगळ्यांत थोरला
जागा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमांचाच!
आम्ही दोघी कितीतरी वेळ डोळे पुसत होतो.

कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठीही असे:
उद्या, ओविदियोला फोन.
रोज उद्याच.
भाऊ, एवढंच कळलं. भांडण कसलं, मी विचारलं नाही.

काल रात्री वीज गेली, आली,
आणि यंत्रानं कुणाला न विचारता
खरी तारीख लावून घेतली.
प्रोग्रॅम बंद पडला. मुदत संपली म्हणाला.
चिठ्ठी लाल:
एकशे अठरा दिवस उलटले.

मी घड्याळाकडे हात नेला.
राहू दे, बाई म्हणाल्या,
तुझा फोन दे जरा.

नंबर तोंडपाठ होता.