मध्यंतरानंतर

गुरुवारी ज्येष्ठांना तिकीट अर्ध्या दरात.
आर्डिथ शेवटून दुसरी रांग धरते, कडेच्या दोन खुर्च्या,
कारण व्हर्लिनला मध्येच उठावं लागतं
आणि उठताना त्याचा गुडघा वाजतो
नेमका जिथे वाजू नये तिथे.

टूसॉनच्या त्या सभागृहात
त्याला आवडतो फक्त सुरुवातीचा गलका,
सगळी वाद्यं एका ओबोच्या मागोमाग
सूर शोधत निघतात तो.
"एवढं झालं की खरं तर घरी जायला हरकत नाही,"
तो म्हणतो, दर वेळी, जरा मोठ्यानेच,
आणि पुढच्या रांगेतली मोत्यांची माळ
मागे वळून बघते.

चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढला हा माणूस.
नेब्रास्कातल्या बर्फात, कमरेला पट्टा बांधून.
चढण्याआधी खांबाला कान लावायचा.
आत वारा गुणगुणत असायचा,
त्यावरून कळायचं लाकूड आतून कुजलंय का ते.
असं तो सांगतो तरी.
आता दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं
आणि चेलो त्याला ऐकू येतो
शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तसा.

म्हणून वाळवंट त्याचं.
शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
थर्मास, दोन घडीच्या खुर्च्या, मीठ लावलेले पिस्ते.
तो सग्वारोंकडे बघत बसतो,
जुन्या खात्यातली माणसं भेटावीत तसा:
ताठ उभी, हात वर,
तारा तेवढ्या काढून नेलेल्या.

आर्डिथला त्यात विशेष काही दिसत नाही.
काटे दिसतात. त्याने गाडीत विसरलेली टोपी दिसते.
दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं
तिने लोकांच्या भेटीच्या वेळा लिहिल्या;
जिथे कुणीच यायचं नाहीये
तिथे वाट बघितल्यासारखं बसणं
तिला अंमळ जडच जातं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी मात्र
मध्यंतरात तीच म्हणाली, चल.
का, ते सांगितलं नाही.
सांगितलं असेल तर त्याला ऐकू आलं नाही.
चंद्र होता. डोंगरापलीकडचा कच्चा रस्ता होता.
आणि एका कोरड्या ओढ्यात
मागचं चाक रुतलं ते रुतलंच.
तिचे चंदेरी बूट, त्याचा एकुलता एक टाय,
चाकाखाली सारलेलं पायपुसणं, मग कार्यक्रमपत्रिका.
वाळूने सगळं गिळलं,
ढेकरही दिली नाही.

फोनवरची बाई म्हणाली, दीड तास.
त्याने यंत्रं काढून खिशात टाकली, बॅटरी वाचवायला.
क्रिओसोटच्या झुडपांचा तो औषधी वास,
लांब कुठेतरी एक कोयोटी,
मग तोही नाही.
आर्डिथ बॉनेटला टेकून गुणगुणायला लागली,
पूर्वार्धातलं ते संथ,
ज्यात हा झोपला होता.
कोण ऐकतंय, असं म्हणून.

तो चालत तिच्या मागे आला
आणि तिच्या पाठीला,
दोन फऱ्यांच्या मधोमध,
कान लावला.

ती थांबली नाही.
एका जागी चुकली, मागे गेली, पुन्हा धरलं.
कोटाचं अस्तर थंड होतं, त्याचा कान त्याहून थंड.
बराच वेळ गेला.
"आतून ठीक आहे," तो म्हणाला.

एफ्रेन नावाचा पोरगा ट्रक घेऊन आला,
टॉर्च आधी बुटांवर मारला, मग टायवर.
"किती वेळ झाला इथे?"
व्हर्लिन म्हणाला,
"एप्रिलमध्ये बावन्न वर्षं होतील."

पोराने आर्डिथकडे बघितलं.
तिने काही दुरुस्ती केली नाही.
साखळी ताणली, गाडी कण्हली, बाहेर आली.

उत्तरार्धात त्या दिवशी काय वाजवलं
ते पत्रिकेत छापलेलं होतं.
पत्रिका ओढ्यात आहे.