विळ्याची ओळ

हिंदुरावकाकाचा बंगला अकरा महिने कुलपात.
मे महिन्यात उघडला की आधी वास यायचा
डांबरगोळ्यांचा, मग कोइमतूरच्या कॉफीचा,
आणि त्या वर्षी नव्या प्लास्टिकचा.
मद्रासच्या बर्मा बाजारातला खेळ.
खोक्यावर एकही अक्षर ओळखीचं नाही.
धैर्यशीलला तमिळ वाचता यायचं, मला मराठी,
दोघांत मिळून थोडं इंग्रजी;
हे तिन्हींतलं नव्हतं.

पडद्यावर तीन ओळी.
पहिली दाबली की सुरुवात.
दुसरीतलं पहिलं अक्षर म्हणजे विळा,
दुसरंही विळाच, पण पात्यावर दोन थेंब.
ती दाबली
की काल जिथं मेलो तिथनं.
तिसरीचं नंतर सांगतो.

बाह्या फाडलेल्या जाकिटातला तो
आणि कपाळाला लाल पट्टी बांधलेली ती.
तिचं नाव तीन अक्षरी दिसायचं, म्हणून मालन.
गल्ली संपेपर्यंत माणसं येत राहायची,
आम्ही मारत राहायचो.
पिंप फोडलं की आत भाजलेली कोंबडी, ताटासकट.
खाल्ली की जीव पुन्हा काठोकाठ.
काकी भाजी निवडता निवडता म्हणाली,
रस्त्यावरची उचलून खातात व्हय रं?
त्यात आज शनिवार.

प्रत्येक गल्लीच्या शेवटी एक जाड्या.
मारामारीआधी तो बोलायचा,
चौकटभर, मग आणखी एक चौकट,
एकदा तर मान खाली घालून.
मी त्याला आवाज द्यायचो:
आमच्या बांधावरची बाभळ कुणी तोडली?
धैर्या त्याच्या मोडक्या मराठीत:
मी तोडला. काय मग?
आणि लाथा चालू.

अकराव्या दिवशी तिसरी ओळ दाबली.
लांबलचक काहीतरी विचारलं त्यानं.
खाली दोन शब्द: एक दोन अक्षरांचा, एक तीन.
मी म्हणालो, आखूड असतो तो होकार.
हो एवढासा, नाही त्याच्यापेक्षा लांब.

बरोबर निघालं. होकारच होता.

नऊ गल्ल्या, मालनचा लोखंडी दांडका,
जिंकलेले सात जीव, सगळं पुसलं गेलं.
विळ्याची ओळ करडी पडली,
दाबली की नुसतं टुक्क.

काका मागं कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग,
चाळीस उन्हाळ्यांत न गेलेले.
म्हणाला, गलाईला गेलो तेव्हा मला दोनच शब्द यायचे.
आमा आणि इल्ले.
बँक ओळखायचो दारावरच्या शिपायाच्या मिशीवरनं.
त्यानं रजा घेतली की मी चुकायचो.
एकदा नको तिथं आमा म्हणालो,
साडेतीन तोळे भरून दिले.

मग म्हणाला, आण इकडं.
आम्ही पहिली ओळ दाबून दिली.
काकाच्या हातात तो जाकीटवाला नुसता उभा.
दोघं आले, त्याला मारू लागले.
दाब, काका, दाब!
काका म्हणाला, थांब की. हा कोण? ह्यांचं भांडण कशाचं?

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
अकरा दिवसांत हे विचारलंच नव्हतं.
धैर्या म्हणाला, बाभळ.
तेवढ्यात लाईट गेली.

जूनच्या तीन तारखेला बंगल्याला कुलूप.
विट्याच्या स्टँडवर धैर्यानं खोकं मांडीवर घेतलं होतं,
खिडकीतून हात हलवायलाही हात मोकळा नव्हता.

श्रावणात कार्ड आलं.
पत्ता काकाच्या अक्षरात.
मागं निळ्या पेनानं
एक विळा,
आणि दोन थेंबांचा विळा.

आई म्हणाली, काय लिहिलंय पोरानं, वाच.
मी वाचलं:
काल जिथं मेलो, तिथनं.
पाठीत असा धपाटा बसला
की कार्ड चुलीपाशी जाऊन पडलं.