बिनदुधाची साय

एकतीस वर्षं मी लोकांच्या दुधाची फॅट मोजली.
पहाटे साडेचारला, डेअरीच्या पत्र्याखाली,
काचेच्या नळीत आधी ॲसिड, मग दूध,
मग यंत्र गरगर फिरायचं
आणि पिवळी रेघ कुठे थांबते त्यावर
कुणाच्या तरी म्हशीची अब्रू ठरायची.
सहा पॉइंट दोन. पाच पॉइंट आठ.
"साहेब, जरा नीट बघा ने,"
म्हणायचे पादऱ्याकडचे लोक.
मी नीटच बघायचो.

आता शलाका आलीय चार दिवस
आणि दूध घेत नाही.
दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही.
"मग वरणावर काय, खोबरेल?" हिने विचारलं.
कारण विचारलं तर शलाका कारण सांगते,
आवाज न चढवता, रेडकांचं,
आणि ते मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिच्या फोनवर एक चित्र होतं:
पातळ घडीची पोळी, आत पिवळं मऊ काहीतरी.
मी म्हटलं, करू.
म्हटलं आणि मग कळलं, म्हटलंय.

खंडेराव मार्केटात केसर उतरणीला लागलेला,
दोन आंबे घेतले, एक अननस,
त्याचा काटा बोटात जाऊन बसला तो अजून आहे.
सुरसागरच्या कडेला जयंतीभाई
कोयता हातात धरून नेहमीसारखं म्हणाला,
"काका, मलाईवाळुं के पाणीवाळुं?"

मी तिथेच उभा.
इतकी वर्षं हा शब्द झाडावर लटकला होता
आणि मी तो म्हशीखाली शोधत होतो.

"पिकलेले नारळ दे," मी म्हटलं, "दोन. खवायचेत."

खवले, वाटले, मलमलीतून पिळले,
पहिलं दूध स्टीलच्या उभ्या ग्लासात
रात्रभर फ्रिजमध्ये.
सकाळी सहाला उठून (सवय जात नाही)
ग्लास काढला, चमच्याची दांडी आत उभी धरली,
जाड थर कुठवर आलाय ते बघितलं.
अंदाजे बावीस.
असा आकडा त्या रजिस्टरात
मी एकदाही लिहिला नव्हता.

पीठ तांदळाचं, मूठभर मैदा,
दुसऱ्या पिळणीचं पातळ दूध,
मीठ, हळदीचं नुसतं नाव.
बिडाच्या तव्यावर नारळाचीच शेंडी तेलात बुडवून फिरवली.
पहिलं तव्याने ठेवून घेतलं.
दुसरं नकाशासारखं.
"अहो, हे घावन आहे," ही मागून म्हणाली,
"क्रेप काय क्रेप. सरका."
आणि पळी माझ्या हातातून गेली.

मला मग सायीचं काम उरलं.
आंब्याचा रस, थोडी पिठीसाखर, फेटत राहिलो.
अननसाचे तुकडे हातात घेऊन थांबलो मात्र.
अननस पडला की दूध नासतं,
हे मी झोपेतही सांगेन.
कितीतरी लोकांचे कॅन परत पाठवलेत मी आंबटाच्या संशयावर,
भर पावसात, सायकलला बांधून आणलेले.

टाकले.
डोळे त्या भांड्यावरून हलवले नाहीत.
एक मिनिट. दोन.
नासलं नाही.
वास घेतला.
पुन्हा घेतला.

घावन एकीकडून जरा करपलं होतं,
सारण कडेने बाहेर आलं,
शलाकाने बोटाने पुसून खाल्लं
आणि म्हणाली, "साखर कमी चालली असती."
हिने तिसरं घेताना म्हटलं,
"बरं लागतंय, पण तुपाची सर नाही."
तिसरं घेताना.

एक हिवाळा आठवला मला,
गोठ्याबाहेर दावं नुसतं पडलेलं
आणि आत म्हैस पान्हा चोरून उभी.
त्या दिवशी फॅट सहा पॉइंट शून्य लागली,
मी तशीच लिहिली.

शलाकाला हे सांगितलं नाही.
भांडं तिच्याकडे सरकवलं.
तळाला अजून होतं.