शोधमर्यादेखाली

सात नंबरच्या नळीत टेप सोडली
की खालून बारीक शीळ येते:
पाणी लागलं.
अकरा मीटर बावीस.
मार्चमध्ये अकरा दोन होतं.
मी लिहून घेते, पेन्सिलीनं,
ओल्या बोटांखाली शाई टिकत नाही.

पहिलं पाणी घ्यायचं नसतं.
नळीत उभं राहून शिळं झालेलं असतं ते.
तीनदा पोट रिकामं करायचं,
मग चौथं येतं आतून, खरं बोलायला.
दिवाळीबेन पहिल्याच वाक्यात खरं बोलायची,
म्हणून असेल,
ते मी कुठे लिहिलं नाही.

तिचं घर कोतराच्या अलीकडे.
पलीकडे कारखान्यानं अठ्ठ्याऐंशी साली गाळ पुरला
आणि वर बाभळी लावल्या.
रात्री बाजव्याच्या बाजूला ज्योत दिसते,
तिच्या उजेडात म्हणे कोंबड्या वेळ चुकतात.
ती जीभ काढून दाखवायची:
"कडवुं छे, शिर्केबेन."
मी म्हणायचे, रिपोर्टमध्ये तर नाही हो.

नऊ वर्षं.
एकशे आठ महिने, एक जपमाळ पुरी होते.
रकान्यात तोच शिक्का: आढळले नाही.
खाली माझी सही,
दांडिया बाजारच्या शाळेत गिरवलेल्या वळणाची.

आढळले नाही म्हणजे नाही, असं नसतं.
म्हणजे आमच्या यंत्राची नजर इथवरच.
हे मला ठाऊक होतं.
तिला सांगितलं नव्हतं.

श्रावणात मकरपुऱ्याच्या लॅबमध्ये नवं यंत्र आलं.
त्याला स्वतःची खोली, स्वतःचा एसी.
खानविलकरांचा चेतन त्याला देव्हाऱ्यासारखा पुसतो.
सुरसागरात कुणी चिमूटभर मीठ टाकलं
तरी हे ओळखेल, म्हणाला,
जरा वाढवूनच.
नळ्यांवर आता सोलरचे डबे बसलेत,
दर पंधरा मिनिटांनी पाणी आपण होऊन फोन करतं.
मध्यरात्री उशाशी टिणटिण होते.
नवरा विचारतो, कोण?
मी म्हणते, सात नंबर.

आधी कोरा नमुना लावला:
शुद्ध पाण्याची बाटली, जी लॅबमधून निघते,
बर्फपेटीत बसून सगळ्या नळ्या हिंडते
आणि झाकण न उघडता परत येते.
ती कोरीच निघाली.
म्हणजे वाटेत काही लागलं नव्हतं,
ना माझे हात, ना ॲक्टिवाचं पेट्रोल.
मग सात नंबर.
पडद्यावर रेघ सरळ चालली, चालली,
आणि चौदाव्या मिनिटाला
खुंटीसारखी उभी राहिली.

चेतननं फ्रीजरमधले जुने अर्क काढले.
चौदावं मिनिट.
चौदावं मिनिट.
माझ्या चौथ्या वर्षापासून.
तो काही बोलला नाही,
एसी मात्र बंद करायला विसरला नाही.

मी गेले. ती शेवग्याच्या बुंध्याशी बादली ओतत होती.
म्हटलं, निघालं.
"शुं नीकळ्युं?"
मी नाव सांगितलं. तिनं म्हणून पाहिलं,
तिसऱ्या अक्षराला अडखळली, हसली.
म्हटलं, पंप बसतील, भिंत घालतील जमिनीत,
पंधरा वर्षं उपसा चालेल.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं
आणि अर्ध्यात सोडून दिलं.
चहा दिला, टँकरच्या पाण्याचा.
मग जीभ बाहेर काढली,
मध्ये चीर गेलेली म्हातारी जीभ,
आणि तर्जनीनं तिच्यावर टकटक केलं,
चेतन यंत्राच्या काचेवर करतो तसं.

मी वहीत समासाबाहेर एक रकाना आखला.
वर लिहिलं: चव.
खाली: कडू. दि. प., सकाळी नऊ दहा.
शाईनं लिहिलं.
थोडी पसरली.